झुल्यावरची जागा

"ह्यावर म्हातारं माणूस आरामात बसंन ना?" हेमलाने झुल्याची बैठक दाबून पाहत विचारलं.

रऊफभाईंनी मान हलवली. नायलॉनच्या दोरीने विणलेला झुला; उन्हात तापणार नाही, पावसात कुजणार नाही. हेमला त्यांच्या वाशिमच्या दुकानातलं जुनं गिऱ्हाईक. दिवाळीत तिने वेताच्या खुर्च्या नेल्या, त्या उन्हाने तडकल्या. होळीनंतर लोखंडी बाक नेला, तो दुपारी इतका तापायचा की त्यावर पापड भाजून निघावा.

अनसिंग गावात घरापुढे तिने हौसेने बाग केली होती. रंगवलेल्या टायरांत मोगरा लावला, कडुलिंबाखाली फरशी बसवली. सगळं सासूने तिथे बसावं म्हणून.

आणि सासू, धुरपताबाई, जेवायला-झोपायला हेमलाकडे असून संध्याकाळ झाली की काठी टेकत शेजारी धाकट्या सुनेकडे, अंजूकडे जायच्या. तिथे होतं काय? सुतळीची एक ढिली बाज आणि अंगणातली चूल. अंजू चुलीपुढे भाकरी थापायची, म्हातारी बाजेवर बसायची. दोघींचं हसणं कुंपणावरून इकडे यायचं. हेमला मग रागारागाने आपल्या बागेत एकटीच पाय पसरून बसायची.

खोटं कशाला बोला, जळायची ती. दहा वर्षं सासूचं पथ्यपाणी तिने केलं आणि जीव मात्र अंजूवर. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं म्हातारीचं चाललंय, असं ती नवऱ्याला, धरमसिंगला ऐकवायची.

झुला आला. हेमला बसून पाहत होती, तेवढ्यात धुरपताबाई बाहेर आल्या. हेमला लगेच उठली, डोक्यावर पदर घेतला आणि फरशीवर बसली. सासूच्या बरोबरीने सुनेने बसायचं नाही, ही त्या घरची रीत, आणि रीतीत तिने कधी कुणाला बोट दाखवू दिलं नव्हतं. धुरपताबाई झुल्यावर टेकल्या, चांगला हाय म्हणाल्या, आणि दोन मिनिटांत काठी उचलून अंजूकडे निघाल्या.

हेमलाच्या डोळ्यांत पाणी आलं. धरमसिंगने समजावलं, बसू दे तिला बसते तिथे. पण ऐकेल ती हेमला कसली! दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दोन्ही अंगणांमधल्या कुंपणाला डोक्याच्या वर जाईल अशी हिरवी जाळी घट्ट बांधून घेतली. आपल्या बागेला अंजूची नजर लागते, असं विचारणाऱ्याला सांगितलं.

संध्याकाळी धुरपताबाई नेहमीसारख्या तिकडे गेल्या. आज हसणं ऐकू येईना. हेमला जाळीपाशी जाऊन कान देऊन उभी राहिली. बाज करकरली.

"काहून आई, आज लवकर उठल्या?" अंजूने विचारलं.

धुरपताबाईंनी काठी उचलली.

"आता इथं बसून काय करू? मी तिकडं बसली का हेमला भुईवर बसते. दिवसभर राबते बिचारी, म्हणून मीच उठून इकडं येत होती. पाय पसरून बसलेली दिसली का मले बरं वाटे."