एकच डाव

“एकच डाव,” आईने बजावलं. “जो जिंकेल त्याच्याकडे मी कायमची जाईन. मागाहून कुणी कुरकुर करायची नाही.”

वसंत आणि सुखदेव, तिचे दोघे मुलगे, जेवणं आटोपून सतरंजीवर समोरासमोर बसले होते. कसबा पेठेतली ही इमारत पाडून नवी बांधायची होती. खालची बिऱ्हाडं गेलीसुद्धा. आता आईने कुणाकडे राहायचं, यावर दोघा भावांची गेले कित्येक दिवस जुंपली होती.

म्हणजे दोघेही ‘माझ्याकडे, माझ्याकडे’च म्हणत होते. ऐकणाऱ्याला वाटावं, काय ही माया! पण वसंतचं म्हणणं असं की, बाणेरला लिफ्ट आहे, आईची वेगळी खोली होईल, पण दिवसभर घरात कुणी नसतं. सुखदेवचं म्हणणं असं की, धनकवडीला बायको, शैला, दिवसभर घरी असते, पण खोल्या दोनच. प्रत्येक आग्रहाला असा एक ‘पण’ चिकटलेला. त्या ‘पण’चा कंटाळा येऊनच की काय, आईने आज पत्ते काढले.

लहानपणी सुट्टीत तीच दोघांना तीन पत्ती खेळवायची, चिंचोक्यांवर. आजही तिने मध्ये वाटीभर चिंचोके ठेवले. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. समोर कोण आलंय हे ती आवाजावरून ओळखायची. ऑपरेशन मुलांच्या ‘बघू’मध्ये अडकलं होतं. तरी पत्ते पिसताना तिची बोटं सराईतपणे चालत होती.

“काटून घ्या ना, भाऊजी,” शैला म्हणाली.

“आईने पिसलेत. काटायचं काय त्यात?” वसंत म्हणाला. त्याला हे सगळं लवकर उरकायचं होतं.

आईने पत्ते वाटले. सुखदेवने आपले तीन उचलले. इस्पिकचा राजा. बदामचा राजा. तिसरा त्याने अंगठ्याने हळूच सरकवला. किलवरचा राजा.

असा हात त्याला जन्मात आला नव्हता. याच्यावर जायला समोर तीन एक्केच हवेत, आणि वसंतचा चेहरा काही एक्के आलेल्या माणसाचा नव्हता. लॉटरी लागावी आणि बक्षिसात हत्ती मिळावा, तसं सुखदेवला झालं. मग आपण हत्ती कुणाला म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली.

वसंतने दोन चिंचोके टाकले. सुखदेवनेही टाकले. वसंतने आणखी चार पुढे सरकवले.

सुखदेवच्या डोक्यात सगळी कारणं रांगेने उभी राहिली. लेकीची, अस्मिताची, बारावी. आईचा खोकला, तो पहाटेपर्यंत थांबत नाही. घरात बाथरूम एकच. आणि दादाकडे कसं, सगळं प्रशस्त. आईचंच भलं होईल त्यात. हे शेवटचं कारण त्याला फार आवडलं, आणि आवडलं म्हणूनच त्याची त्यालाच शरम वाटली.

शैला त्याच्या मागे उभी होती. तिला पत्ते दिसले होते. ती वाकून त्याच्या कानात एवढंच म्हणाली, “बाहेरच्या खोलीत खाट बसते. मी मोजून बघितलंय.”

म्हणजे तीही सबब गेली. आता उरला फक्त तो.

“सुखदेव, घाई करू नकोस,” आई म्हणाली. तिने तोंड त्याच्या बाजूला वळवलं होतं. “सावकाश टाक.”

वाटीतला हात त्याने रिकामाच बाहेर काढला.

“माझ्याकडे काही नाही,” तो म्हणाला. “पॅक.”

त्याने पत्ते उपडे केले, बाकीच्या पत्त्यांत खुपसले आणि कुणी हात लावायच्या आत सगळे एकत्र पिसून टाकले. शैला स्वयंपाकघरात गेली. भांडी घासलेली होती, तरी नळ सोडल्याचा आवाज आला.

वसंतने आपले पत्ते उघडले. दुर्री, पंजी, नव्वी. जिंकलेला माणूस इतका पडलेला सुखदेवने कधी पाहिला नव्हता.

आई म्हणाली, “बरं. वसंता, माझी पिशवी घे. आजच जाऊ. ठरलंय तर थांबायचं कशाला?”

गाडी गल्लीत शिरत नव्हती, म्हणून वसंत सामान घेऊन पुढे गेला. सुखदेव आईचा हात धरून चालला. लाज लपवायची असली की माणूस फार बोलतो, तसा तो बोलत सुटला. इथे खड्डा आहे, इथे स्कूटर आहे. दर रविवारी येईन. शैला लाडू करून पाठवील. ऑपरेशनचंही आता मनावर घेऊ.

“दादाकडे तुझे हाल नाही व्हायचे,” तो म्हणाला. “माझंच नशीब फुटकं. पत्तेच तसे आले, काय करणार.”

आई नुसतं “हं” म्हणाली.

त्याने तिला गाडीत बसवलं, पदर आत घेतला. दार लावणार तोच तिने त्याचं मनगट धरलं. वसंत मागे डिकीत सामान कोंबत होता. तो ऐकत नाही, याची तिने आधी खात्री करून घेतली.

“दिसत नाही ना रे मला,” ती हळूच म्हणाली. “तीन राजे शोधायला आज अख्खी सकाळ गेली.”