कोनशिलेमागे

समोर दगड बसल्याचा आवाज इनायतने आतून ऐकला. आधी वाटलं, सहादू गवंडी माप बघतोय. मग फटीतला उजेड गेला.

सातपूरच्या चौकात एक मे अठ्ठ्याण्णवला कामगाराचा पुतळा उभा राहत होता. हातात हातोडा आणि छाती अशी, की अख्ख्या एमआयडीसीत तशी एकाचीही नसेल. चौथरा आतून पोकळ. पुतळ्याच्या पायांतले बोल्ट तिथे उतरले होते. एक नट ढिला राहिला, म्हणून इनायत फिटर ऐनवेळी आत शिरला होता. शिरायच्या तोंडावरच कोनशिला बसायची होती.

त्या दिवशी शुक्रवार होता. दीड वाजलेला. इनायतभाई जुम्म्याची नमाज कधी चुकवत नाहीत, हे सहादूला पक्कं ठाऊक. गेले असणार, असं धरून त्याने शिला चिकटवून टाकली. त्याला तरी काय बोलायचं?

इनायतने पान्याने ठोकलं. बाहेर सनईची कॅसेट जोरात चालू होती. बोल्टच्या भोकातून येईल तेवढीच हवा, आणि नाशिकच्या उन्हात चौथरा नुसता भाजत होता. तो ठोकतच राहिला.

"कोण हाय आत?" सहादूचा आवाज दगडाला चिकटून आला.

"मी, इनायत! दम कोंडतोय. काढ मला."

"भाई! तुम्ही नमाजला नाय गेले?"

"सहादू, आधी काढ!"

मग ठेकेदार रावजीचा दबका आवाज. "फोडायची? अरे, साहेबांचं नाव आहे तिच्यावर! आत्ता पडदा उघडतील. इनायत, दहा मिनिटं कळ काढ. आणि ठोकू नको, माइकमध्ये येतंय."

सकाळी दहाला यायचे ते साहेब आत्ता पोचले होते, आणि त्यांना बोलायचं होतं. ज्या देशाने कामगाराला एवढ्या उंचावर उभं केलं, त्या देशाला कोण वाकवणार? टाळ्या. दहा मिनिटांची पंचवीस झाली. इनायतच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आता तो घाबरला, अगदी लहान पोरासारखा घाबरला. काम गेलं खड्ड्यात म्हणत त्याने दोन्ही हातांनी पाना आपटायला सुरुवात केली.

"साहेब, आत माणूस हाय!" सहादू भर सभेत ओरडला.

भाषण तुटलं. छिन्नीचा पहिला घाव शिलेवर पडला, दुसरा पडला. लोक खुर्च्यांवरून उठले. लांब उभ्या पोलिस बँडला यातलं काहीच माहीत नव्हतं. साहेब थांबले, लोक उठले, म्हणजे कार्यक्रम संपला. त्यांनी राष्ट्रगीत सुरू केलं.

छिन्नी थांबली. चौकात सगळे होते तिथेच ताठ उभे राहिले.

आत इनायतचा हातही थांबला. त्याने पाना बाजूला ठेवला आणि तो उठला. डोकं वर लागलं. मग गुडघे वाकवून, हात मांड्यांना चिकटवून, जमेल तसा तो सावधान उभा राहिला.