न दिलेली परवानगी

“परवानगी मी दिलेली नाही,” उपाध्ये साहेब म्हणाले. ते खरं बोलत होते आणि पंचाईत तीच होती.

आबाजी टेबलासमोर उभा होता. खुर्ची दाखवली तरी बसला नाही. त्या सकाळी अंथुर्ण्यात, त्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी रंगाच्या कारखान्याचा पाया खणायला यंत्र आलं होतं. आबाजी आडवा गेला, तर मुकादम म्हणाला, आमच्याकडं परवानगी आहे. म्हणून तो मिळेल ती एसटी धरून बारामतीला आला. पाणी नासेल की नाही हे बघून कारखान्याला होय किंवा नाही म्हणायचं काम उपाध्ये साहेबांचं होतं.

“दिली न्हाय ना? मग चला. तेवढं त्यांच्या तोंडावर सांगा.”

“तसं सांगता येत नाही, आबा.”

आबाजीचे वडील मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायचे. या विहिरीला पाणी लागलं तेव्हा त्यांनी मेंढरं विकली आणि घर बांधलं. मागोमाग भाऊबंद आले, वस्ती झाली. भर उन्हाळ्यातही सगळी वस्ती त्या एका विहिरीवर प्यायची. रंगाचं पाणी ओढ्यात सुटलं की विहिरीत उतरणारच होतं. मग पुन्हा बिऱ्हाड पाठीवर.

थंडी सरता सरता साहेब पाहणीला आले होते. आबाजीच्या बायकोनं, सारजानं, त्यांना विहिरीचं पाणी दिलं. साहेब तांब्याभर प्याले. विहिरीपासून ओढ्यापर्यंत चालून आले, काठावर बसले आणि मांडीवर कागद घेऊन त्यांनी पेन उघडलं. सरकारी माणसानं लिहिलं की ते मोटारीतून येणाऱ्याच्या बाजूचं असतं, हे त्यानं जन्मभर बघितलं होतं. त्यानं सरळ साहेबांचं मनगट धरलं.

“पाया पडतो साहेब, आज काय लिवू नका. जरा दमानं घ्या.”

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं आणि पेन खिशात ठेवलं. वस्तीवर त्या दिवशी आबाजीचा भाव वधारला.

पुढं दर बाजाराला तो कार्यालयात डोकवायचा. निकाल लागला का? नाही. मग स्वारी खुशीत. सारजासाठी भेळ बांधून घ्यायची, घरी येऊन सांगायचं, “आज बी न्हाय लागला.”

“असं किती दिस लटकायचं?” एकदा सारजानं विचारलं.

“लटकल्यालं बरं,” आबाजी म्हणाला. “खाली पडलो तर उठायचो न्हाय.”

आणि आता साहेब समजावून सांगत होते. अर्ज आल्यापासून चार महिन्यांत होय किंवा नाही कळवायचं असतं. काहीच कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं कायदा धरतो. तीही बिनशर्त. ती मुदत परवा संपली होती.

आबाजीला आधी हसूच आलं.

“आमच्यात रानाचा धनी तोंडानं व्हय म्हणल्याबिगर त्याच्या रानात मेंढरू घालत न्हाईत, साहेब. त्यो गप बसला तर आपुन पुढं जायचं. आन् सरकार गप बसलं की कारखाना?”

“कायदा तसा आहे.”

“मग मी वर दाद मागतो.”

“कशाविरुद्ध? मी हुकूमच काढलेला नाही. मी काही केलेलंच नाही.”

आबाजीला कोंडल्यासारखं झालं. दार सताड उघडं होतं, पण त्या दारातून जायचं कुठं, हे कळेना. त्याला संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त रडू आलं.

“तुमी आमचं पाणी पिलात,” तो म्हणाला. “एक न्हाय म्हणाया काय झालं हुतं?”

साहेबांना लाज वाटत होती.

“वरून फोन येत होते,” ते म्हणाले. “नाही लिहिलं की बदली ठरलेली. मुलींची शाळा इथली. मी उद्यावर ढकलत गेलो. तुम्ही यायचात, लागला नाही ना म्हणून विचारायचात आणि खुशीत जायचात. मला वाटायचं, चाललंय ते बरंच आहे.”

आबाजी जायला वळला.

“पण त्या दिवशी विहिरीवर माझ्या अंगात धीर होता, आबा,” साहेब मागून म्हणाले. “तेवढ्या एकाच दिवशी होता. मी ‘नाही’च लिहिणार होतो. तुम्ही हात धरलात.”