काढून ठेवलेल्या बांगड्या

आषाढी पौर्णिमेला पुष्पलताबाई पांढरं लुगडं नेसून बालाघाटच्या विहारात तीन महिन्यांच्या वर्षावासाला बसल्या, त्या पोराशी भांडूनच. "माय, तू गेली तं घर कोण पाहीन?" असं धर्मेंद्र म्हणाला होता. "घरच पाहीन घराले," म्हणत त्यांनी हिरव्या बांगड्या भरवेली गावातल्या घरी फळीवर काढून ठेवल्या. अष्टशीलाचं व्रत घेतल्यावर दागिना चालत नाही.

आठव्या दिवशी दुपारी त्यांनी विहाराच्या फोनवरून घरी फोन लावला.

"कोण?" धर्मेंद्र वैतागून म्हणाला.

"काहून रे, मायचा आवाज विसरला काय?"

"मजाक नका करू, बाई. माय तं परवाच वापस आली. भाकरी थापून राह्यली इथं."

पुष्पलताबाईंनी फोन कानाशी दाबला. थप, थप. प्रत्येक थापेबरोबर काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या. त्यांनी आपल्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं.

भ्यायचं सोडून त्यांना रागच आला. "थापू दे तिले!" त्या कडाडल्या. "तीन महिने झाल्याबिगर मी इथून हलत नाही!"

थापणं थांबलं. बांगड्या फोनच्या अगदी जवळ वाजल्या.

"मी बी इथून हलत नाही," पुष्पलताबाईंचाच आवाज म्हणाला.