नव्या सिलिंडरचं सील

फर्निचरच्या कारखान्यात उद्या आगीच्या बंदोबस्ताची तपासणी होती, म्हणून सुयोगशेट कॅम्प दोनच्या बाजारातून आग विझवायचा नवाकोरा लाल सिलिंडर घेऊन आला. तो भिंतीला टांगायचा तर एक लोखंडी पट्टी कापायला हवी होती.

"शेट, हे मशीन लाकडाचं आहे," आण्णा म्हणाले. लाकूड कापायचा तो बँडसॉ वीस वर्षं त्यांच्याच हाताखाली होता. "ह्याचा वेग लाकडाचा. लोखंड लावलं तर ठिणग्या उडतील. हेक्सॉच्या करवतीनं हातानं कापतो, अर्धा तास द्या."

"दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास कसला मागता आण्णा? लावा."

आण्णांनी पट्टी लावली. पहिली ठिणगी मशीनवरच्या दसऱ्याच्या वाळक्या हारात गेली, बाकीच्या भुशात. आण्णांनी धावत जाऊन सिलिंडर उचलला आणि पिनेला हात घातला.

"आण्णा, सील तोडू नका. उद्या तपासणी आहे."

शेटचा शब्द मोडायची सवय आण्णांच्या हाताला कधी लागलीच नव्हती. हात थांबला. मग आत थांबण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते सिलिंडर छातीशी धरून बाहेर आले.

सकाळी तपासणीचे साहेब ठरल्या वेळेला हजर झाले. त्यांनी राखेकडे बघितलं, कट्ट्यावर बसलेल्या आण्णांकडे बघितलं, आण्णांच्या मांडीवरच्या सिलिंडरचं सील बोटानं हलवून बघितलं आणि फॉर्मवर लिहिलं, 'सुस्थितीत'.