शेजारचं माणूस

“फोटोतलं शेजारचं माणूस काढून टाकता येतं का गं?” सासूबाईंनी सकाळी विचारलं. एरवी मोबाइलवर फक्त भजनं ऐकणाऱ्या बाईंना हे कशाला हवं, असं मनात आलंच. तरी शिकवलं.

दुपारी कामाला बसले. एका वधू-वर मंडळाची वेबसाइट मी घरून सांभाळते. आलेले फोटो मी पाहिल्याशिवाय तिथे झळकत नाहीत. घरच्यांच्या लेखी ते नुसतं ‘कॉम्प्युटरचं काम’.

नवं स्थळ उघडलं. घटस्फोटित, मूलबाळ नाही. फोटो माझ्या नवऱ्याचा, आमच्याच लग्नातला. त्याच्या खांद्यावरचा माझा हात, हिरव्या चुड्यासकट, तेवढा कापायचा राहून गेला होता.

“अगं,” आतून सासूबाईंची हाक आली, “टाकलेला फोटो दिसायला किती वेळ लागतो?”

“मी मंजूर केला की लगेच, आई.”