नवऱ्याकडच्यांची वही

"झोपते किती?" डॉक्टर दुफी यांनी विचारलं.

"झोपते कुठे!" पोकुआ बोलून गेली आणि तिने जीभ चावली. आजार वाटेल असं काही बोलायचं नाही, हे ती घरून ठरवून आली होती. "म्हणजे, झोपते. तशी बरी झोपते."

तिची नऊ वर्षांची मुलगी किसिवा दोन तास डॉक्टरांचे प्रश्न आणि कोडी सोडवून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली होती. पिकल्या केळ्याचे तळलेले काप खात होती. तिच्यासाठी कुमासी शहरात पोकुआने ठोठावलेला हा तिसरा दरवाजा. पहिल्या दारातल्या डॉक्टरसाहेबांनी प्रगतिपुस्तक पाहिलं आणि ते हसले. "पोरगी पहिली येते आणि तुम्ही रडता? नापास झाली की आणा." दुसऱ्या दारातल्या बाईंनी दोरीच्या उड्या सांगितल्या. पोरगी उड्याही मारून आली. रोज शाळेच्या फाटकाशी तिला ओकारी व्हायची ती होतच राहिली.

आता रविवारी नणंद तिला प्रार्थना-छावणीत नेणार होती. डोकं फिरलेल्यांना तिथे झाडाला साखळीने बांधत, उपाशी ठेवत. जिच्यावरून किसिवाचं नाव ठेवलं ती नवऱ्याची आत्या तिथे गेली, ती परत आलीच नाही. "पोरीला आजार नाही असं डॉक्टरांनी दोन ओळींत लेखी दिलं तर ताईला थोपवतो, नाहीतर माझं तोंड बंद," नवरा म्हणाला होता. पोकुआने हे आल्याआल्याच डॉक्टरांना सांगितलं होतं; तिला त्या दोन ओळींखेरीज काही सुचत नव्हतं.

म्हणून तिने तयारी जय्यत केली होती. रक्त आईचं, पण आत्मा आणि स्वभाव बापाकडून येतो, हे अशांटी जमातीतलं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा महिनाभर तिने नवऱ्याकडची माणसं पिंजून काढली. कोण एकटंच बोलायचं, कोण भर जेवणातून उठून गेलं, हा आजार नाही, बापाकडचा स्वभाव आहे, हे दाखवायला सगळं वहीत उतरवलं.

"आमच्या बाजूने काही नाही, मॅडम," तिने वही पुढे सरकवली. "आम्ही साधी माणसं. मी तर चौथीतच शाळा सोडली. कपडे शिवते."

डॉक्टरांनी वही उघडली नाही. "तिच्या डोक्यात काय चालतं, असं वाटतं तुम्हाला?"

पोकुआ बिचकत बोलू लागली आणि बोलता बोलता तिचं भान सुटलं.

"एका विचाराला दहा फुटतात, मॅडम. थांबवायचे कसे ते कळत नाही. समोरचा अर्धं बोलला की पुढचं कळलेलं असतं, तरी गप्प ऐकायचं, नाहीतर 'आली जादा शहाणी!' म्हणतात. मग मुद्दाम चुकायचं. बेरीज येत असली तरी चुकीची सांगायची, म्हणजे बाकीच्या पोरी खेळायला घेतात. अंथरुणावर पडलं की दिवसभरात कोण काय बोललं ते पुन्हा पहिल्यापासून ऐकू येतं. आणि वाईट हे की आपणच बिघडलोय असं वाटत राहतं. विचारणार कोणाला?"

"हे तिने सांगितलं तुम्हाला?"

"छे हो! ती कोणाला काही सांगत नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

पोकुआने वही पुन्हा स्वतःकडे ओढून घेतली. आपण काहीतरी भलतंच बोललो, आता कागद मिळत नाही, अशी तिची खात्रीच झाली.

डॉक्टर लिहीत होत्या. मग त्यांनी शिक्का मारून कागद तिच्या हातात दिला. 'मुलीला कुठलाही आजार नाही. तिची बुद्धी वयाच्या फार पुढे धावते, त्याचा तिला त्रास होतो. त्यात मदतीसाठी दर आठवड्याला माझ्याकडे आणावे. छावणीत नेऊ नये.' पोकुआने ते दोनदा वाचलं. कागदावर डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून तिने तो लांब धरला.

"देव तुमचं भलं करो, मॅडम," म्हणत ती उठली.

"बसा. वार ठरवू." डॉक्टरांनी रोजनिशी ओढली. "किसिवाचा गुरुवार, चार वाजता."

"आणते की! वेळेच्या आधी आणते."

"तो तिचा झाला," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा कोणता लिहू?"